एका यादीत दोन दिवाळ्या

ताई,
पिंपरी-चिंचवडमध्ये आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. मिस्टर गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहेत. श्रावणापासून ओव्हरटाइम बंद झालाय, आणि दसऱ्याला मालकांनी सांगितलं की बोनसचं पुढच्या वर्षी बघू. मी घरी ब्लाउज शिवते, त्यातून थोडंफार येतं. दिवाळीसाठी हातात ९ हजार रुपये आहेत. यादी केली ती २४,९०० वर गेली. भाऊबीजेला ठाण्याहून मोठ्या नणंदबाई, त्यांचे मिस्टर आणि दोन मुलं येतात. साताऱ्याकडून सासूबाई येतात, गेल्या वर्षी त्यांना आणायला गाडी केली होती. बोनसचं अजून कुणालाच सांगितलेलं नाही. मिस्टर म्हणतात, मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज मिळतं, घेऊन टाकू. मला वाटतं माझी कानातली गहाण ठेवावी. मुलगी बारा वर्षांची, मुलगा सात. परवा मुलगी आपणहून म्हणाली, “आई, मला यंदा ड्रेस नको, मागचा होतोय.” मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आमच्या लहानपणी पैसे नव्हते तरी दिवाळी कशी लक्षात राहिली आहे. माझ्या मुलांना काय आठवणार? त्यांच्या आठवणींसाठी तरी कर्ज काढावं का?
– एक वाचक

*

कर्ज काढू नका. कानातलीही ठेवू नका. आधी हे सांगून मोकळी होते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. आजारपणाला, शाळेच्या फीला सोनं ठेवावं लागलं तर त्यात लाज नाही, ते त्यासाठीच असतं. करंजीसाठी ठेवू नये. आणि पाच मिनिटांत मिळणारं कर्ज पाच मिनिटांत फिटत नाही. त्याचा हप्ता डिसेंबरात येतो, जानेवारीत येतो, आणि तेव्हा घरात पणतीही नसते, चिवडाही नसतो.

तुम्ही पत्रासोबत यादी पाठवलीत ते फार बरं केलंत. मी ती दोनदा वाचली. पहिल्यांदा बेरीज बरोबर आहे का ते पाहिलं (बरोबर आहे). दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहिला, हे कुणासाठी?

नणंदबाईंना साडी, त्यांच्या मिस्टरांना शर्टपीस, भाच्यांना कपडे मिळून ५,५००. सासूबाईंना आणायला गाडी २,५००. शेजारी आणि कंपनीतल्या मंडळींना मिठाईचे बॉक्स १,८००. फटाके २ हजार, आणि त्यापुढे तुम्हीच कंसात लिहिलंय, ‘वाड्यात सगळ्यांची पोरं उडवतात’. कपड्यांच्या ७,५०० मधले तुमचे नि मिस्टरांचे ३,५००, तेही ‘पाहुण्यांसमोर बरं दिसावं’ म्हणून. या ओळींची बेरीज १५,३०० होते. तुम्हाला कमी पडताहेत १५,९००.

पाहिलंत? खड्डा जवळजवळ तेवढाच आहे. तुमच्या यादीत दोन दिवाळ्या आहेत. एक तुमच्या घरातली, ती ९ हजारांत बसते. दुसरी आहे बोनस झाला नाही हे कुणाला कळू नये म्हणून करायची दिवाळी. महाग ती आहे, आणि कर्ज तुम्ही तिच्यासाठी काढायला निघाला आहात. मुलांच्या आठवणींचं नाव मध्ये उगीच आलंय.

हे मी कठोरपणे लिहिलंय, पण वरून पाहून लिहिलेलं नाही. लपवण्याची दिवाळी काय असते ते मला माहीत आहे.

आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि भोंगे एकदम गप्प. त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत संपाला दहा महिने होत आले होते. कितीतरी बिऱ्हाडं साताऱ्याला, कोल्हापूरला, कोकणात गावी निघून गेली होती. जी उरली त्यांच्यातल्या पाच घरांनी मिळून एका स्टोव्हवर, एका कढईत फराळ केला. एकीकडचा रवा, दुसरीकडची साखर, तेल उधारीवर आणलेलं. शंकरपाळे झाले, थोडी शेव झाली, चकल्या झाल्याच नाहीत. आम्ही पोरं गॅलरीत बसून शंकरपाळे मोजत होतो, कारण पाच घरांत वाटायचे होते. त्या दिवाळीचं मला काही म्हणता काही वाईट वाटलं नाही. कुणी कुणापासून लपवायचं? सगळ्यांची तीच गत.

वाईट वाटते ती पुढच्या वर्षीची दिवाळी. १९८३ पर्यंत काही गिरण्या थोड्याथोड्या सुरू झाल्या होत्या, चाळीतले काही जण कामावर परतले होते, आणि वडील परतले नव्हते. संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही, त्यामुळे कोण कुठे उभा आहे हे ज्याचं त्यालाच ठाऊक असायचं. शेजारच्या काकूंकडून फराळाचं ताट आलं. आपल्याकडे ताट रिकामं परत देत नाहीत. आईने त्यात चमचाभर साखर घातली, वर रुमाल टाकला आणि मला म्हणाली, “सांग, आमचा फराळ उद्या व्हायचाय.” मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी विचारलं, “झाला का गं फराळ?” मी म्हटलं, उद्या. तिसऱ्या दिवशीही म्हटलं, उद्या. चौथ्या दिवशी आईने दार लोटून कढईत पळीभर तेल तापवलं आणि बेसनाचे चार थेंब सोडले, तळणीचा वास गॅलरीत जावा म्हणून.

आईला दोष देत नाही. तिची अब्रू होती ती. पण आज पन्नाशी उलटल्यावरही १९८३ ची दिवाळी म्हटलं की मला फटाके आठवत नाहीत, कपडे आठवत नाहीत. काकूंच्या दारात ताट घेऊन ‘उद्या’ म्हणणारी मी आठवते. पैसे दोन्ही वर्षी नव्हते, उलट दुसऱ्या वर्षी आईच्या खानावळीचे थोडे येतही होते. दुसऱ्या वर्षी मला खोटं बोलायचं काम लागलं होतं, एवढाच फरक.

म्हणून म्हणते, तुमच्या मुलीकडे आधी बघा.

तिने ड्रेस नको म्हटलं, कारण तिला सगळं ठाऊक आहे. बाबा रात्री दहाऐवजी संध्याकाळी सहाला घरी येतात हे बारा वर्षांच्या मुलीला दिसत नाही का? तुमची हलक्या आवाजातली बोलणी दोन खोल्यांच्या घरात कुठवर जातात ते मला विचारू नका. तिने तुम्हाला सांभाळायला सुरुवात केली आहे. तुम्ही बाथरूममध्ये रडलात आणि डोळे पुसून बाहेर आलात, म्हणजे आता दोघीही एकमेकींपासून लपवताय. तिचा हा शहाणपणा गपचूप घेऊन टाकू नका. आज रात्री जेवणं झाली की दोघांना समोर बसवा. ‘आपण गरीब झालो’ वगैरे काही नको, मुलगा घाबरेल. एवढंच सांगा की बाबांच्या कंपनीत यंदा बोनस झाला नाही, दिवाळीसाठी आपल्याकडे ९ हजार आहेत, आणि ते कसे खर्चायचे ते आपण चौघं मिळून ठरवू. पैसे खरोखर पुढ्यात ठेवा. मुलाला नोटा मोजू द्या. सात वर्षांच्या पोराला ९ हजार म्हणजे डोंगर वाटतो, त्याला ते वाटू द्या. आणि मुलीला ड्रेस घ्या. तिने नको म्हटलं म्हणूनच घ्या. दुकानात तिला आकडा सांगा, बाराशेच्या आत तुला हवा तो. तुम्ही स्वतः शिवता, तेव्हा कापड घेऊन शिवलात तर सहाशेतही होईल, पण ते तिला विचारून. या वयात आईने शिवलेला ड्रेस मैत्रिणींमध्ये चालतो की नाही हे ती ठरवणार, तुम्ही नाही.

आता नणंदबाई. तुमच्या पत्रातलं खरं दुखणं इथे आहे, असं माझं मत. हे तुम्ही बोलायचं नाही. ती मिस्टरांची बहीण आहे, फोन त्यांनी करायचा. भाऊबीजेच्या दिवशी नाही, दारात ताट धरल्यावर नाही, या आठवड्यात. पुरुषमंडळींना असले फोन जमत नाहीत, कुठून सुरू करायचं तेच कळत नाही, म्हणून शब्द देऊन ठेवते. वाटलं तर कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या:

“ताई, यंदा कंपनीत बोनस झाला नाही, ओव्हरटाइमही बंद आहे. घरात सगळं ठीक आहे, काळजी करू नको. पण यंदा साडी वगैरे जमणार नाही, तुला आधीच सांगून ठेवतो. तुम्ही सगळे यायचं मात्र आहे. आणि येताना तुझ्या हातच्या करंज्या आण, आम्ही करत नाही यंदा.”

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. माणसाला नुसतं ‘जमणार नाही’ सांगितलं की तो बिचारा अवघडतो, काय बोलावं कळत नाही. काहीतरी मागितलं की त्याचं अवघडलेपण जातं. शिवाय करंजीचं सामान खरंच महाग पडतं, सुकं खोबरं आता हात लावू देत नाही. बहुतेक नणंदा अशा वेळी “अरे, वेडा आहेस का, साडीचं काय घेऊन बसलास” एवढंच म्हणतात. तुमच्या नणंदबाई तसं म्हणाल्या नाहीत, चार दिवस फुगून बसल्या, तर बसू द्या. तुमचं त्याने काही जाणार नाही. ओवाळणीच्या ताटात पाचशे एक घाला, भाच्यांच्या हातात शंभर-शंभर. हजाराच्या आत भाऊबीज होते. ज्या घरांत भाऊबीजेच्याच दिवशी जाणं जमत नाही ती तुळशीच्या लग्नापर्यंत कधीही करतात. त्यांना ठाण्याहून गर्दीत यायला अवघड असेल तर तोही पर्याय फोनवर द्या. तोवर पुढचा पगारही झालेला असेल.

सासूबाईंना मुलाने स्वतः जाऊन सांगावं, आणि जाणं होणारच आहे, कारण गाडी रद्द. एसटीने आणायचं. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि ७५ पूर्ण झाली असतील तर त्यांना तिकीटच नाही, फक्त आधारकार्ड घ्यायला विसरू नका. आठशे रुपयांत दोघं येतील. ‘गेल्या वर्षी गाडी केली, यंदा एसटी, लोक काय म्हणतील’ हे तुम्हाला वाटतंय, त्यांना नाही. ज्या बाईने गावाकडे चार दुष्काळ पाहिले असतील तिला बोनस झाला नाही हे ऐकून धक्का बसत नाही. बसतो तो आपल्याला सांगितलं नाही याचा. वाटेत शेजारी बसून दोन तास मायलेकांचं बोलणं होईल, गाडीत ड्रायव्हरसमोर ते झालं नसतं.

मिठाईचे बॉक्स काढून टाका. शेजारी फराळाची एक ताटली द्या, घरच्या चिवड्याची. कंपनीतल्या मंडळींना तर बॉक्स द्यायचं कारणच नाही, बोनस त्यांनाही मिळालेला नाही, हो ना?

बोनसवरून एक गोष्ट. मालकांनी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हटलं आणि सगळे माना डोलावून घरी आले, असं दिसतंय. बोनस ही मालकाची खुशी नव्हे. वीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील, वर्षात ३० दिवस तरी काम भरलेलं असेल आणि पगार ठरलेल्या मर्यादेत असेल, तर कंपनी तोट्यात असली तरी किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो, म्हणजे वर्षाच्या हिशेबाने साधारण एका महिन्याचा. मात्र टक्के धरायचे ते कायद्यातल्या रकमेवर, त्यामुळे हातात येणारा आकडा पूर्ण पगाराएवढा असेलच असं नाही. तो दिवाळीच्या आधी द्यायचा हा रिवाज आहे. कायद्यातली मुदत हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिने, म्हणजे मार्चला वर्ष संपत असेल तर नोव्हेंबरअखेर. मिस्टरांनी एकट्याने जाऊन भांडू नये. चार-पाच जणांनी मिळून नीट विचारावं, आणि ऐकलं नाही तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करावी. हे दिवाळीच्या यादीत धरू मात्र नका. आला तर आला. न आलेल्या पैशावर साड्या घेणं आणि कर्ज काढून घेणं, दोन्ही एकच.

आता मुलांचं, ज्यासाठी तुम्ही मुळात पत्र लिहिलंत.

तुम्ही म्हणता, आमच्या लहानपणी पैसे नव्हते तरी दिवाळी लक्षात राहिली. खरं आहे. पण त्यावरून ‘गरिबीतच मजा होती’ असं कुणी म्हणायला लागलं की मला चीड येते. नव्हती मजा. लक्षात काय राहिलं ते बघा ना. पहाटे अंधारात उठवलं, थंडीत अंगाला तेल लावलं, उटण्याने खरवडून काढलं, पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं. चकलीचा सोऱ्या दाबताना हात दुखून आले. कंदिलाला खळ लावताना बोटं चिकटली. जे अंगाने केलं ते राहिलं. फुलबाजीचं पाकीट किती रुपयांचं होतं ते कुणाला आठवतंय? तर मुलांना कामाला लावा. तुमच्याकडे यंदा एक गोष्ट गेल्या वर्षीपेक्षा जास्त आहे, ती म्हणजे सहाला घरी येणारा बाप. ओव्हरटाइम बंद झाला यात आनंद मानावा असं मी म्हणणार नाही, पण तो माणूस खाटेवर पडून छताकडे बघत बसणार असेल तर त्याला किल्ल्याच्या कामावर घ्या.

किल्ला मुलाने कुठला करायचा? जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांतले अकरा आपल्याकडचे आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्या अकरांतला एक तुमच्या अगदी दाराशी आहे, लोहगड. चिंचवडहून लोणावळ्याची लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं. चौघांचं जाण्याचं भाडं चार वडापावांपेक्षा फार वेगळं नसतं. भाज्याच्या लेण्यांच्या बाजूने चालत वर जायला दोन-अडीच तास लागतात, सात वर्षांचं पोर थांबत-थांबत आरामात चढतं. येत्या रविवारी पहाटेच निघा. डब्यात पोळ्या, बटाट्याची भाजी, दोन बाटल्या पाणी. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात, ते मुलीला वहीत काढायला सांगा. वरून विंचूकाटा दिसतो, विंचवाच्या नांगीसारखी लांबलचक माची. पाऊस नुकता संपलेला असतो, गवत अजून हिरवं असतं. माझ्या मते दिवाळीच्या हंगामात सह्याद्री जसा दिसतो तसा वर्षात पुन्हा दिसत नाही. सगळं मिळून तीनशे रुपये धरा.

मग घरी येऊन तोच किल्ला करायचा. तुटक्या विटा, गोणपाट, माती, आणि वहीतले चार दरवाजे. विंचूकाट्यासाठी वीट कशी लावायची यावरून बापलेकांचं भांडण झालं पाहिजे, त्याशिवाय किल्ला नीट होत नाही. हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी पेरा, चार-पाच दिवस आधी, आणि पाणी शिंपडायचं काम मुलाकडे. मावळे विकत आणायचेच असतील तर महाराज आणि चार मावळे आणा, बाकीचे मातीचे करा, वाकडे झाले तरी चालतील. वाड्यातली पोरं बघायला येणार, आणि तुमचा मुलगा त्यांना सांगणार, ‘मी वर जाऊन आलोय’. दोन हजारांचे फटाके त्यापुढे काय करतील? चारशेचे घ्या, फुलबाज्या, भुईचक्र, दोन झाडं, आणि रोजचे वाटून ठेवा, नाहीतर पहिल्याच संध्याकाळी संपतील.

कंदील मुलीला करू द्या. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, मैद्याची खळ. षटकोनी कंदील जमला नाही तर चांदणी करा, ती सोपी. आत एलईडी दिवा लावायचा, तो जुन्या बल्बसारखा तापत नाही, कागद करपण्याची भीती कमी.

फराळ घरीच आणि चारच पदार्थ. बाहेरच्या ऑर्डरचे ३,८०० वाचतील, सामान दोन हजारांत बसावं. चिवडा, शंकरपाळे, चकली, रव्याचे लाडू. अनारशांच्या वाटेला जाऊ नका, तीन दिवस तांदूळ भिजवून रोज पाणी बदलायचं आणि शेवटी ते तेलात हसले, म्हणजे फुटून विखुरले, तर सगळंच गेलं. चिवड्याचे पातळ पोहे आधी उन्हात टाका नाहीतर मंद आचेवर कोरडे भाजून घ्या, किलोभर पोह्यांना दीड-दोन वाट्या तेलाच्या वर लागत नाही. शंकरपाळ्यांना वाटीभर तूप, वाटीभर साखर, वाटीभर दूध आणि त्यात मावेल तेवढा मैदा, हे प्रमाण आमच्या चाळीतल्या पाच घरांचं आहे आणि ते कधी बिघडलेलं मी पाहिलं नाही. तूप महाग वाटलं तर निम्मं तेल घाला, कडक होतील थोडे, मुलं तक्रार करत नाहीत. कापायचं कातणं मुलाच्या हातात द्या. तळताना आधी गोड, मग तिखट. शंकरपाळ्यांनी तेल काळं होत नाही, त्याच तेलात चकल्या आणि उरलेल्यात चिवड्याची फोडणी. उलट केलंत तर शंकरपाळ्यांना तिखटाचा वास लागतो आणि सासूबाई चार दिवस तेच सांगत राहतात.

उरलं काय? सासूबाईंचं लुगडं किंवा साडी. तेही यंदा नको, असं मी म्हणेन, पण हा निर्णय त्यांच्या मुलाचा. मी हिशेब केला तो त्याशिवायचा. दोन्ही मुलांचे कपडे २,४००, फराळ २ हजार, भाऊबीज हजार, एसटी आठशे, पूजा सहाशे, फटाके चारशे, कंदील-पणत्या तीनशे, लोहगड तीनशे, आणि पाहुण्यांच्या दोन दिवसांचं जास्तीचं दूध-भाजी हजार. ८,८०० झाले. दोनशे राहतात, ते राहू द्या.

पाडव्याचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय, की मिस्टरांना ओवाळणीत घालायला काही नाही म्हणून ते पाडव्याचं नावच काढत नाहीत. ओवाळा. नेहमीसारखं पाटावर बसवून, रांगोळी काढून. ताटात त्यांनी अकरा रुपये टाकले तर अकरा घ्या. त्यांना म्हणावं, साडी पुढच्या पाडव्याला, व्याजासकट. लग्नाला चौदा-पंधरा वर्षं झालेल्या माणसाला एवढी थट्टा पुरते. आजवर ज्याची ओव्हरटाइमची धडपड घराने पाहिली आहे त्याला या एका दिवशी पाट चुकवायला लावू नका.

आणि एक, शेजारून फराळाचं ताट आलं आणि तुमचं काही झालेलं नसेल, तर मुलीच्या हाती निरोप पाठवू नका. तुम्ही स्वतः जा आणि सांगा, “आमच्या चकल्या रविवारनंतर, यंदा थोड्याच आहेत.” ताटात साखर घालायला हरकत नाही, साखर चांगलीच.

भाजणी मात्र उद्याच करा. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभराडाळ, एक-एक वाटी उडीद आणि मूगडाळ, धणे-जिरं. तांदूळ-डाळी धुऊन, फडक्यावर वाळवून वेगवेगळ्या भाजायच्या, धणे-जिरं शेवटी. धनत्रयोदशीच्या आठवड्यात पिठाच्या गिरणीपुढे कोपऱ्यापर्यंत रांग असते, तेव्हा दळण या सोमवारीच टाका. मिस्टर सहाला येतात ना, त्यांच्या हातात डबा द्या.